अतिरिक्त ठरल्यावर : मिळेल ती शाळा घ्यावी का?

लेखमाला : नोकरीतले नियम, भाग ७

संचमान्यता कशी होते ते मागच्या भागात पाहिलं. ३० सप्टेंबरचा पट आणि त्यातले आधार जुळलेले विद्यार्थी यांवर पदं ठरतात. पट घसरला की पद जातं आणि त्या पदावरचा माणूस ‘अतिरिक्त’ होतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलल्यापासून लहान शाळांना ही धास्ती जास्तच.

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावातला, अनुदानित शाळेचा शिक्षक डोळ्यांपुढे आणा. घर बांधलेलं, आईवडील सोबत, थोडी सोयाबीन-तूर. तो अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेताना, त्याच्या वाट्याला मानोरा तालुक्यातली शाळा येते. रिसोड वाशिम जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मानोरा पूर्वेला. रोजचं जाणं-येणं जमण्यातलं नाही. ‘इतक्या लांब कोन जाते?’ असं घरातले म्हणणारच.

पण इथे तुलना चुकते. तो नवी शाळा जुन्या शाळेशी ताडून पाहतो, आणि जुनं पद तर कागदावरून गेलेलं असतं. खरी निवड मानोरा की अडकलेला पगार, अशी असते. आधी त्याच संस्थेत, मग जिल्ह्यात आणि तिथेही जागा नसेल तर विभागात, असं समायोजन सरकतं. आज मानोरा नाकारणाऱ्याला उद्या यवतमाळ किंवा बुलडाणा दाखवलं जाऊ शकतं, कारण वाशिम अमरावती विभागात आहे.

हरकत घ्यायचीच असेल तर ती समायोजन शिबिराच्या आधी. १९८१ च्या खासगी शाळा कर्मचारी नियमावलीतला २६ वा नियम वाचा. तीन महिन्यांची नोटीस, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता आणि साधारणपणे सेवाज्येष्ठता, हे सगळं त्यात आहे. तुमच्याच विषयातला कनिष्ठ शिक्षक शाळेत राहिला आणि तुम्ही बाहेर, असं झालं असेल तर ज्येष्ठता यादीची प्रत घेऊन लेखी हरकत नोंदवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्याच फायलीत लागत नाही.

नवी शाळा घेताना अंतरापेक्षा अनुदान आधी बघा. शाळा पूर्ण अनुदानावर आहे की २०, ४०, ६० टक्क्यांच्या टप्प्यावर? पद मंजूर आहे का? विषय तुमचाच आहे का? ज्येष्ठता कशी धरणार? ही उत्तरं कागदावर घ्या.

खरी अडचण अनेकदा त्या शाळेच्या दारात येते. संस्थेला स्वतःचा माणूस भरायचा असतो, म्हणून मुख्याध्यापक ‘अध्यक्षांना विचारून सांगतो’ म्हणतात आणि हजेरीपट पुढे करत नाहीत. तेव्हा हात हलवत परत येऊ नका. त्याच दिवशी रुजू होण्याचा अर्ज द्या आणि प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. अर्ज घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. पुढे ‘तुम्हीच रुजू झाला नाहीत’ असा ठपका आला तर हाच कागद कामाला येतो.

रुजू झालात म्हणजे जुन्या शाळेशी नातं तुटलं, असंही नाही. तिथलं पद पुन्हा निर्माण झालं तर संस्थेने रजिस्टर पत्राने पहिली संधी तुम्हालाच द्यायची, असं तोच २६ वा नियम सांगतो. म्हणून पत्ता बदलला की जुन्या संस्थेला लेखी कळवा. बरेच जण एवढंच विसरतात.

नकार कुणाला परवडतो? १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेला, जुनं निवृत्तिवेतन लागू असलेला आणि २० वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण केलेला शिक्षक स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब करू शकतो. बाकीच्यांनी, माझ्या मते, आधी रुजू व्हावं आणि नोंदवलेली हरकत नंतर लढवावी. एखादी विनाअनुदानित इंग्रजी शाळा किंवा अकादमी बरा पगार देऊ करत असेल, तरी रागाच्या भरात राजीनामा लिहू नका. राजीनाम्याने मागची सेवा निवृत्तिवेतनाला मुकते.

आणि सेवा संपवल्याचा आदेशच हातात पडला असेल तर तो मिळाल्याची तारीख आज तपासा. शाळा न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवसच मिळतात.