नियमबद्ध गतीचे व्यूह : स्थान आणि अवस्था

भूलभुलैया म्हटला की भिंती, बोळ आणि बंद तोंडाच्या वाटा डोळ्यांसमोर येतात. तेथे वाटसरूस अडविते ती भिंत. तो कोणत्या बाजूने आला ह्याची दखल कोणी घेत नाही. ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या ऑक्टोबर १९६२ च्या अंकात, मार्टिन गार्डनर ह्यांच्या गणितरंजनाच्या सदरात, रॉबर्ट ॲबट (१९३३–२०१८) ह्यांचे जे कोडे प्रसिद्ध झाले त्यात ही स्थिती पालटली. फ्लॉइड्स नॉब ह्या गावाच्या त्या नकाशात रस्ते मोकळे आहेत. मात्र अमुक बाजूने येणाऱ्याने अमुकच बाजूस वळावे असे चौकाचौकांत बाणांनी दर्शविलेले आहे. अडवितो तो नियम.

एका लहानशा उदाहरणाने ह्यातील मर्म ध्यानात येईल. तीन उभे व तीन आडवे रस्ते घेऊन नऊ चौक कल्पावेत आणि त्यांना मध्य व आठ दिशा अशी नावे द्यावीत. नियम एवढाच की, डावीकडे वळू नये व मागे फिरू नये. वाटसरू बाहेरून उत्तराभिमुख होऊन ‘दक्षिण’ चौकात येतो. त्यास ‘पश्चिम’ चौक गाठावयाचा आहे. नियम नसता तर रस्त्याचे दोन तुकडे ओलांडून काम झाले असते. आता मात्र सहांहून कमी तुकड्यांत ते होत नाही. एक वाट दक्षिण–मध्य–उत्तर–ईशान्य–पूर्व–मध्य–पश्चिम अशी, तर दुसरी दक्षिण–मध्य–पूर्व–आग्नेय–दक्षिण–नैर्ऋत्य–पश्चिम अशी. पहिलीत ‘मध्य’ आणि दुसरीत ‘दक्षिण’ हा चौक दोनदा येतो.

सामान्य भूलभुलैयात हे अशक्य होय. तेथे एकाच ठिकाणी परत आणणारा फेरा गाळून टाकता येतो. म्हणून सर्वांत आखूड वाट कोणत्याही स्थानी दोनदा जात नाही. येथे फेरा गाळता येत नाही, कारण उत्तराभिमुख होऊन ‘मध्या’त येणे आणि पश्चिमाभिमुख होऊन तेथेच येणे ह्या दोन भिन्न अवस्था आहेत. कागदावर दिसतो तो नकाशा म्हणजे व्यूह नव्हे. खरा व्यूह म्हणजे अवस्थांचा आलेख : रस्त्याचे तुकडे १२, प्रत्येकाच्या दिशा दोन, म्हणून अवस्था २४, आणि प्रवेशाची एक निराळी. ह्या आलेखात पूर्वीचा सिद्धान्त पुन्हा खरा ठरतो आणि एडवर्ड मूर ह्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली, प्रारंभापासून थराथराने पुढे सरकण्याची रीत जशीच्या तशी लागू पडते. मात्र शेवटाकडून आरंभाकडे येऊ पाहणाऱ्याने सावध असावे : उलट चालताना उजवे वळण डावे होते, तेव्हा त्यास ‘उजवीकडे वळू नये’ हाच नियम पाळावा लागेल. पुष्कळांची फसगत येथेच होते.

नियम बदलला की अवस्थेचे घटक बदलतात. चौकटींच्या पटावर फासा लोळवीत नेण्याच्या कोड्यांत स्थानाबरोबर फाशाची ठेवणही मोजावी लागते. ठेवणी २४ खऱ्या. परंतु प्रत्येक लोळण म्हणजे घनाच्या चार कर्णांचा विषम क्रमपालट. त्यामुळे एका चौकटीवर त्यांपैकी १२ च संभवतात आणि निम्मा शोध आरंभीच वगळता येतो. ॲबट ह्यांच्या ‘मॅड मेझेस’ (१९९०) मधील थीसिअस व मिनोटॉर ह्यांच्या कोड्यात अवस्था म्हणजे दोघांच्या स्थानांची जोडी. थीसिअस एक पाऊल टाकतो, मिनोटॉर दोन. जवळ येण्यासाठी तो प्रथम आडवा सरकण्याचा प्रयत्न करतो, ते न साधल्यास उभा. पाठलाग करणाऱ्याच्या ह्या ठरावीक हट्टातच थीसिअसची सुटका दडलेली असते.

अवस्थांची संख्या म्हणजे काठिण्याचे माप, असे मात्र समजू नये. पंचवीस चौकटींच्या पटावर अशा जोड्या फार तर ६२५. यंत्र त्या क्षणात चाळून टाकते. मनुष्य अडखळतो, कारण दारापासून दूर जाणे हीच पुष्कळदा पुढची पायरी असते आणि कागदावरील अंतर त्यास उलटेच सांगत असते. यंत्राचीही अडचण होते ती निराळ्या कारणाने. एकाच पटावर अनेक ठोकळे लोळवावयाचे असल्यास त्यांच्या अवस्थांचा परस्परांशी गुणाकार होतो. अशा व्यूहांचा प्रश्न बहुपदी स्मृतीत सुटणाऱ्या प्रश्नांपैकी अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे केव्हिन बुखिन व माइके बुखिन ह्यांनी २०१२ मध्ये सिद्ध केले.