विश्वास आणि जीवन : लेखांक ६
सत्कर्मे कशासाठी?

तारण ही देवाची देणगी आहे, आपली कमाई नव्हे, हे मागील लेखात आपण पाहिले. मग साहजिकच प्रश्न येतो : तारण कृपेने मिळत असेल, तर चांगले वागायचे कशासाठी?

नव्या करारात या प्रश्नाची दोन उत्तरे असल्यासारखी वाटतात. माणूस कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांना सांगतो. याकोबाच्या मते कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. १५२२ मध्ये मार्टिन ल्यूथरने याकोबाच्या पत्राला पेंढ्याची उपमा दिली, ती यामुळेच.

पण गंमत पाहा, दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच. पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय काढतो. निपुत्रिक अब्राहाम आकाशातले तारे पाहतो आणि तेवढी संतती होईल या देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो. याकोब बाविसावा अध्याय काढतो. तिथे इसहाक होमाची लाकडे वाहण्याइतका मोठा झाला आहे आणि अब्राहाम वेदी रचतो आहे. दोन प्रसंगांमध्ये कित्येक वर्षे गेली आहेत. देवाशी नाते कशाने जडते, हा पौलाचा प्रश्न आहे. जडलेले नाते खरे कशावरून, हा याकोबाचा. मूळ आधी धरते, फळ मागून येते; पण वर्षानुवर्षे फळच आले नाही, तर मूळ जिवंत आहे की नाही हे पाहावे लागते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हे फार स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये असताना लंडनजवळच्या फुलहॅमला, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. ही माया येते कुठून, या विचाराने त्यांना ख्रिस्ताकडे ओढले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त पुढे काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी आपल्या साक्षीत प्रामाणिकपणे नोंदवले आहे. तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. हे सारे त्यांनी तारण विकत घेण्यासाठी केले नाही. मिळालेली कृपा त्यांना स्वतःपुरती ठेवता आली नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात, प्रभो, तुला आम्ही भुकेला कधी पाहिले? त्यांनी हिशेबच ठेवलेला नसतो. पुण्याची वही उघडून बसणाऱ्याला हा प्रश्न सुचणारच नाही.

सत्कर्म म्हणजे मोठी संस्थाच काढायला हवी, असे नाही. याकोब पाचव्या अध्यायात शेतमजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल कडक शब्दांत बोलतो. म्हणून घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार वेळेवर, त्यांना मागायला न लावता देणे, हासुद्धा आपल्या विश्वासाचाच भाग आहे. आजारी शेजाऱ्याच्या घरी डबा पोचवणे आणि त्याची वाच्यता न करणे, हेही. या आठवड्यात उपासनेहून घरी परतताना एवढे स्वतःला विचारू या : माझ्या विश्वासामुळे आज कोणाचे ओझे हलके झाले?

पुढील लेखात : प्रार्थना आणि परिश्रम.