शोभेची दारू व घरचा कर्ता
सुतळी बॉम्बला भिणारे आमचे गृहस्थ चार वर्षांच्या पोराच्या हाती फुलबाजी खुशाल देतात. तिच्या ठिणगीची उष्णता हजार अंशांच्या घरात असते, व विझलेली तारही पाय भाजते. ती टाकावयास पाण्याची बादली किती अंगणांत दिसते? भुईनळा लांब उदबत्तीने, तोंड बाजूस ठेवून लावावा. न पेटल्यास त्यावर वाकण्याचे शौर्य कोणी करू नये. भाजल्यास वीस मिनिटे वाहते गार पाणी. टूथपेस्ट व शाई हे औषध नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांस रात्री ८ ते १० ही वेळ नेमून दिली व माळांची निर्मिती, विक्री आणि वापर यांस मनाई केली. त्यावर धर्म बुडाल्याची ओरड झाली. जणू शिवकाशीची माळ वेदांतच सांगितली आहे! परक्या सरकारचा कायदा मोडण्यात एके काळी पुरुषार्थ होता. स्वतःच्या न्यायासनाचा हुकूम मोडण्यात तो कोणता? आमच्या व्यापारी बंधूंस राग आला तरी आम्ही विचारतो: निषिद्ध माळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत येते ती कोणाच्या फळीवरून?