विश्लेषण : सराव वर्षभर, हंगाम ४० मिनिटांचा? बारामती-इंदापूरच्या मुलींचे कॉलेज बास्केटबॉल चालते कसे?

अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुली २०२३-२४ च्या हंगामात ३८ सामने खेळल्या आणि ३८ही जिंकल्या. एप्रिल २०२४ मधील त्यांचा अंतिम सामना तिथे सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिला. त्याच वर्षीच्या मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा हा आकडा जवळपास ३९ लाखांनी जास्त होता.

आता बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या महाविद्यालयाचा मुलींचा संघ घ्या. पहिल्याच फेरीत हरला, तर त्याचा त्या वर्षीचा अधिकृत हंगाम एका सामन्यात संपतो. म्हणजे ४० मिनिटांत. तरीही त्याच मैदानावरून विद्यापीठाच्या संघापर्यंत, तिथून देशपातळीवर आणि पुढे सरकारी नोकरीपर्यंत वाट जाते. ही वाट नेमकी कशी आहे आणि मुली कुठे अडतात?

बारामती-इंदापूरचे संघ कोणाशी खेळतात?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. खेळांसाठी मात्र चार विभाग आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. बारामतीचे १९६२ मध्ये सुरू झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालये, शारदानगरचे शारदाबाई पवार महिला महाविद्यालय, इंदापूरचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय ही सगळी ‘पुणे जिल्हा’ विभागात मोडतात.

कोणता खेळ कोणत्या महाविद्यालयात आणि कोणत्या तारखेला, याचा कार्यक्रम शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. यजमानपद कुठे जाते यावर बरेच काही अवलंबून असते. बारामतीहून इंदापूर साधारण ५० किलोमीटर, पुणे १०० च्या आसपास. इंदापूरहून पुणे १३५ किलोमीटरच्या पुढे. सकाळी नऊचा सामना पुण्याच्या बाजूला असेल, तर इंदापूरच्या मुलींचा दिवस पहाटे चारला सुरू होतो.

जिंकलेला संघ पुढे जातो का?

नाही, आणि इथेच बहुतेक पालकांचा गोंधळ होतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत महाविद्यालये एकमेकांशी खेळतात. त्यानंतर निवड होते ती खेळाडूंची. वेगवेगळ्या महाविद्यालयांतील मुली निवडून ‘पुणे जिल्हा’ विभागाचा संघ बनतो आणि तो आंतरविभागीय स्पर्धेत पुणे शहर, नगर, नाशिक या संघांशी भिडतो. तिथल्या कामगिरीवरून विद्यापीठाचा संघ ठरतो.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. विजेत्या महाविद्यालयाची सातवी-आठवी खेळाडू चषक घेऊन घरी बसू शकते. आणि पहिल्या फेरीत हरलेल्या इंदापूरच्या संघातील एखादी चांगली गार्ड पुढे जाऊ शकते. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ मांडणारी खेळाडू. फक्त ती निवड समितीच्या नजरेत भरायला हवी. ४० मिनिटांत.

विद्यापीठाचा संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली होते आणि त्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश येथील विद्यापीठे असतात. पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. तिथे वरचे क्रमांक मिळाले तर ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते. २०२० मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेत सर्व खेळांच्या एकत्रित पदकतालिकेत पुणे विद्यापीठ पंजाब विद्यापीठाच्या मागे दुसरे होते. याशिवाय राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव असतो आणि त्यातही मुलींचे बास्केटबॉल आहे.

४० मिनिटांचे गणित काय?

महाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. समजा १६ संघ उतरले. बाद पद्धतीत संघांपेक्षा एक सामना कमी लागतो, म्हणजे एकूण १५ सामने. पहिल्या फेरीत आठ संघ बाहेर. अर्ध्या मुलींचा हंगाम एका सामन्यात आटोपला.

सामना दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. मैदानात एका वेळी पाच जणी, म्हणजे एका संघाच्या वाट्याला एकूण २०० खेळाडू-मिनिटे. ती बारा जणींत सारखी वाटली, तर प्रत्येकीला येतात १६ मिनिटे ४० सेकंद. प्रत्यक्षात ती सारखी वाटली जात नाहीत, हे सांगायला नकोच. तीन वर्षांच्या पदवीत दर वर्षी पहिल्या फेरीत हार झाली, तर संघ १२० मिनिटे खेळला आणि एका मुलीच्या वाट्याला सरासरी ५० मिनिटे आली.

पन्नास मिनिटे. बारामतीहून इंदापूरला एसटीने जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

सराव कितीही केला तरी सामन्याचा अनुभव सामन्यातच मिळतो. सत्रात संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळायला लागतात, पाच वैयक्तिक फाउलनंतर खेळाडू बाहेर जाते, २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो. हे नियम पाठ करता येतात. दोन मिनिटे उरलेली असताना, तीन गुणांनी मागे असताना ते अंगात भिनलेले असणे ही वेगळी गोष्ट आहे. शहरातील मुली क्लबकडून, निमंत्रित स्पर्धांत खेळत महाविद्यालयात येतात. तालुक्यातील अनेक मुली शाळेत कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्या असतात आणि बास्केटबॉल पहिल्यांदा अकरावी-बारावीत हातात घेतात. त्यांच्या पायात वेग असतो, झुकांडी देता येते. कमी असतात ते सामने.

मैदान, पाऊस आणि एसटी

कबड्डी-खो-खोचे मैदान फक्कीने आखता येते. बास्केटबॉलला २८ बाय १५ मीटरचा सपाट, कडक पृष्ठभाग लागतो आणि जमिनीपासून ३.०५ मीटरवर रिंग. उघडे सिमेंट-डांबराचे मैदान असेल तर हंगाम आभाळाच्या हातात. बारामती-इंदापूर हा तसा कमी पावसाचा पट्टा. जून-जुलैत सराव बिनघोर चालतो. पण इथला खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर येतो, आणि नेमके त्याच सुमारास महाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस असतात. ओल्या सिमेंटवर उडी मारून उतरताना गुडघा मुरगळतो. उड्या आणि झटक्यात दिशा बदलण्याच्या खेळांत गुडघ्याच्या आतील अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात होते, हे क्रीडावैद्यकाने अनेकदा दाखवले आहे. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर उतरण्याचा सराव रोज दहा-पंधरा मिनिटे केला तर हा धोका बराच कमी होतो. त्याला खर्च शून्य आहे.

दुसरा प्रश्न एसटीचा. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. पदवीला गेल्यावर तो थांबतो आणि सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्याचा सामन्याच्या दिवशी उपयोग होतो, कारण पास ठरलेल्या मार्गाचाच असतो. पण गाडीच नसेल तर सवलत काय कामाची? तुकोबांची पालखी ज्या रस्त्याने बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, त्याच्या दोन्ही अंगांच्या वाड्यावस्त्यांवरून या मुली येतात. सराव संध्याकाळी पाच ते सात असेल आणि गावची शेवटची गाडी साडेसहाची, तर मुलगी अर्धा तास आधी निघते. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. अंधारात दुचाकीवर आणायला जायचे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. मुलीने खेळ सोडल्याची कारणे शोधायची तर पहिल्यांदा एसटीचे वेळापत्रक पाहावे.

चेंडूचीही एक गंमत आहे. मुलींचा चेंडू ६ नंबरचा, मुलांचा ७ नंबरचा, थोडा मोठा आणि साधारण ५० ते १०० ग्रॅमनी जड. जिमखान्यात ७ नंबरचेच चेंडू असतील, तर मुली वर्षभर एका चेंडूने सराव करतात आणि सामन्यात दुसराच हातात येतो. हलका चेंडू सोपा पडेल असे वाटते, पण हाताचा अंदाज चुकतो आणि सुरुवातीचे शॉट रिंगच्या पलीकडे जातात.

एकटीला काय करता येते?

पाच विरुद्ध पाच सरावाला दहा मुली लागतात. त्या रोज जमतीलच असे नाही. पण फ्री थ्रोला एक मुलगी, एक चेंडू आणि एक रिंग पुरते. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर असते, समोर कोणी अडवायला नसते, घाई नसते. पुण्यातील मुलगी आणि निमगाव केतकीची मुलगी इथे अगदी एका पातळीवर असतात.

त्यात थोडी भूमितीही आहे. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, ६ नंबरच्या चेंडूचा सुमारे २३. जागा जवळपास दुप्पट वाटते. पण चेंडू तिरका येतो, तेव्हा त्याच्या बाजूने रिंग लंबगोल आणि अरुंद दिसते. ४५ अंशांत खाली उतरणाऱ्या चेंडूला साधारण ३२ सेंटिमीटरची फट मिळते. ३० अंशांत ती उरते साडेबावीस सेंटिमीटर, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी! सपाट फेकलेला चेंडू रिंगला न घासता आत जाऊच शकत नाही. ‘बॉल वर टाक, वर’ असे प्रशिक्षक ओरडतात ते यासाठी. अटीतटीचे सामने दोन-चार गुणांनी सुटतात आणि तेवढे गुण बहुतेक वेळा फ्री थ्रोवरच गमावलेले असतात.

नोकरीला उपयोग होतो का?

होतो, पण कोणत्या पायरीवरून, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. महाराष्ट्रात शासकीय भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक स्तराच्या स्पर्धेतील ठरावीक कामगिरी लागते आणि क्रीडा विभागाच्या उपसंचालक कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या जाहिरातींमध्ये अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या तीन क्रमांकांचा उल्लेख असतो. रेल्वे हा मुलींच्या बास्केटबॉलचा देशातील सर्वांत मोठा आधार आहे. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे रेल्वेच्याच संघाचा दबदबा राहिला आहे. पुण्याची शिरीन लिमये, जी पुढे भारताची कर्णधार राहिली, तीही रेल्वेकडून खेळली. २०१७ मध्ये बेंगळुरूत आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले, त्या संघात ती होती.

महाविद्यालयाकडून खेळल्याच्या नुसत्या प्रमाणपत्रावर मात्र नोकरी मिळत नाही. कोणी तसे सांगून मुलीला सरावाला बोलावत असेल तर ते खरे नाही.

सामने वाढवता येतील का?

विद्यापीठाची स्पर्धा बाद पद्धतीने होते म्हणून वर्षभर तेवढेच खेळावे असा काही नियम नाही. बारामती, शारदानगर, इंदापूर ही ठिकाणे एका दिवसात जाऊन-येऊन होण्यासारखी आहेत. चार महाविद्यालयांनी आपापसात साखळी सामने ठरवले, प्रत्येकी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा दुसऱ्याच्या, तर प्रत्येक संघाला सहा सामने मिळतात. एका हंगामाची २४० मिनिटे झाली. बारा जणी जमत नसतील तर थ्री बाय थ्री आहेच. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आला. अर्धे मैदान, एक रिंग, संघात चौघी, दहा मिनिटे किंवा २१ गुण. दुपारी सुरू केलेली चार संघांची साखळी गावच्या गाडीच्या आधी संपते.

निवड चाचणीला जाताना

विभागीय निवडीच्या वेळी पात्रता अर्ज, दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती आणि ओळखपत्र तयार ठेवावे. अर्जावर प्राचार्य आणि क्रीडा संचालक दोघांची सही-शिक्का आहे का, हे आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. वर्षात खंड असेल किंवा महाविद्यालय बदलले असेल, तर त्याची कागदपत्रे वेगळी लागतात. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र मिळाल्या दिवशीच नावाचे स्पेलिंग, क्रमांक आणि तारीख तपासून घ्यावी. पडताळणीच्या वेळी, चार-पाच वर्षांनी, ती चूक दुरुस्त करून घ्यायला पुन्हा विद्यापीठाच्या खेटा घालाव्या लागतात.