खेप, हप्ता आणि हौदा : राहुरी परिसरात नवी पिकअप घेताना

मुळा नदीच्या काठावरील राहुरी हे अहिल्यानगर–मनमाड मार्गावरचे तालुक्याचे गाव आहे. बारागाव नांदूरजवळच्या मुळा धरणाने, म्हणजेच ज्ञानेश्वरसागराने, या भागातील शेतीचे चित्र बदलले आणि १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्या शेतीला ‘फुले समर्थ’ कांदा, ‘भगवा’ डाळिंब आणि ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय दिली. उसाची वाहतूक ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांवर होते; परंतु वांबोरीच्या बाजारात जाणारा कांदा, संकलन केंद्राकडे निघालेले दूध, डाळिंबाचे क्रेट, जनावरांचा चारा आणि खताच्या गोण्या हा सारा माल दीड-दोन टनांच्या आतला असतो, त्याला वेळेची घाई असते आणि तो थेट बांधावरून उचलावा लागतो. या गरजेला नेमकी उतरणारी गाडी म्हणजे पिकअप, अर्थात पुढे छोटी केबिन आणि मागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन.

पिकअप घेणे हा अनेक शेतकरी कुटुंबांचा जमिनीखालोखाल मोठा आर्थिक निर्णय असतो. तो बहुधा दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर, शोरूममधील ‘महिना किती बसेल’ या एका प्रश्नावर होतो. वास्तविक या निर्णयाचा क्रम उलटा असला पाहिजे : आधी खेप ठरवावी, खेपेवरून वजन, वजनावरून गाडी, गाडीवरून कर्ज आणि शेवटी हौद्याचा साज. हा क्रम पाळणाऱ्याची गाडी हप्ता फेडून पुढे कमाई देते. तो मोडणाऱ्याला हप्ता भरण्यासाठी बऱ्याचदा जादा माल लादावा लागतो आणि तेथूनच बहुतेक अनर्थांची सुरुवात होते.

छोट्या मालवाहू गाडीची वाटचाल

या वाहनप्रकाराच्या इतिहासात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नाव आदराने घ्यावे लागते. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले नगरचे कुंदनमल फिरोदिया यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीतील टेंपो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेंपो ही कंपनी उभी केली आणि तीनचाकी मालवाहू टेंपो भारतीय रस्त्यांवर आला. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणून आपलेसे केले, तर २०११ मध्ये अशोक लेलँडची ‘दोस्त’ बाजारात उतरली. महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटांची योद्धा या गाड्यांनी ग्रामीण भागातील दीड-दोन टनांच्या खेपा सांभाळल्या; २०२२ मधील योद्धा २.० आणि २०२३ मधील बोलेरो मॅक्स पिकअप यांच्या वरच्या मॉडेलांची भारक्षमता २ टनांपर्यंत पोहोचली. ग्राहकापुढे आज पर्याय भरपूर आहेत आणि म्हणूनच निवडीची जबाबदारीही वाढली आहे.

वजनाचा हिशेब

नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसी बुकावर, वजनाचे दोन आकडे असतात. पहिला रिकाम्या गाडीच्या वजनाचा आणि दुसरा गाडी, इंधन, माणसे व माल मिळून कायद्याने मान्य केलेल्या कमाल वजनाचा, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात. या दोहोंतील फरक म्हणजे नेता येण्याजोगा भार, बोलीभाषेत ‘पासिंग’. कमाल वजन ३००० किलो आणि रिकामी गाडी १७०० किलोची असे धरले, तर १३०० किलो उरतात आणि सुमारे ५० किलोच्या कांद्याच्या गोण्या २६ बसतात. चालक आणि आणखी एक जण यांचे वजन धरले आणि हौद्यावर १०० किलोची लोखंडी जाळी चढवली, तर चार-पाच गोण्या कमी झाल्याच म्हणून समजावे. दुधाच्या हिशेबातही हीच दक्षता हवी, कारण ४० लिटरच्या कॅनमधील दूधच सुमारे ४१ किलो भरते आणि कॅनचे स्वतःचे वजन त्यावर वेगळे असते.

३००० किलो ही मर्यादा आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार मालवाहू वाहनाला परवाना, म्हणजे परमिट, लागतो. मात्र ज्याचे कमाल वजन ३००० किलोपेक्षा अधिक नाही, अशा वाहनाला ही अट नाही. त्यामुळे वर्षभरातील बहुतेक खेपा टन-सव्वा टनाच्या असतील, तर या मर्यादेतील गाडी पुरेशी आणि कमी कटकटीची ठरते. खेपा नियमितपणे दीड टनावर जाणार असतील, तर परवान्याचा खर्च सोसून मोठी गाडी घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. छोटी गाडी घेऊन तिच्यावर मोठी खेप लादणे सर्वांत महाग पडते, कारण जादा भारासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाच्याच माथी येतो.

किंमत, कर आणि पासिंगचा खर्च

शोरूममधील किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत बरेच अंतर असते. मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेच्या दिवसापासून, २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि खरेदीदारांना त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. दुसरीकडे राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी मोटार वाहन कर ठरवण्यात आला. त्यात नोंदणी शुल्क, उच्च सुरक्षा नंबरपाटी आणि विमा मिळवल्यावर खरी रक्कम कळते. नव्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस, पहिली दोन वर्षे असते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नव्याने घ्यावे लागते.

कर्जाचे खरे मोल

वाहनकर्ज राष्ट्रीयीकृत व खासगी बँका, सहकारी बँका, पतसंस्था आणि वाहनकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या यांच्याकडून मिळते. यात सर्वांत मोठी फसगत व्याजदराच्या दोन पद्धतींमुळे होते. सरळ दराच्या, म्हणजे फ्लॅट पद्धतीत व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर आकारले जाते. घटत्या शिलकीच्या, म्हणजे रिड्युसिंग पद्धतीत ते फक्त उरलेल्या मुदलावर लागते. उदाहरणादाखल ८ लाखांचे कर्ज ५ वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले असे समजू. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे १७,३९४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४४ हजार रुपये होते. त्याच ११ टक्क्यांचा सरळ दर लावला, तर हप्ता सुमारे २०,६६७ रुपये आणि व्याज ४ लाख ४० हजार रुपये होते. उलट बाजूने पाहिले, तर कोणी केवळ ६ टक्के सरळ दर सांगितला, तरी तो घटत्या शिलकीच्या जवळजवळ ११ टक्क्यांइतकाच असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसोबत मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो आणि सही करण्यापूर्वी तोच आकडा वाचला पाहिजे.

हप्ता पेलेल की नाही, हेही खेपेवरूनच ठरते. डिझेल आणि चालकाचा खर्च वजा जाता एका खेपेमागे ९०० रुपये उरतात असे धरले, तर १७,३९४ रुपयांच्या हप्त्यासाठी महिन्याला २० खेपा लागतात आणि टायर, विमा, दुरुस्ती व घरखर्च यांसाठीच्या खेपा त्याहून वेगळ्या असतात. शेतमालाची वाहतूक बारा महिने सारखी नसते. उन्हाळी कांदा काढणीच्या वेळी आणि पुढे चाळीतून जसा बाहेर पडेल तशी गाडी धावते, मधल्या काही आठवड्यांत ती दारात उभी राहते, हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येते. म्हणून भर हंगामातील उत्पन्नातून किमान तीन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला काढून ठेवणे आणि दुधासारखी रोजची बांधील खेप मिळवणे, ही कर्जदाराची खरी ढाल होय.

सरकारी योजनांचाही विचार करावा. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली; तिच्यातून १० लाखांपर्यंत आणि आधीचे ‘तरुण’ गटातील कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या वैयक्तिक योजनेत पात्र तरुणांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा साडेचार लाखांपर्यंत परतावा मिळतो. मात्र तो हप्ता वेळेवर भरल्यानंतर जमा होतो, म्हणून हप्त्याची ताकद आधी स्वतःकडे असावी लागते.

कर्ज असेपर्यंत आरसीवर वित्तसंस्थेचा बोजा राहतो. शेवटचा हप्ता भरल्यावर संस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात हा बोजा उतरवावा लागतो. तो राहून गेला, तर पुढे गाडी विकताना अडचण येते.

हौद्याचा साज

गाडी सजवण्याची हौस स्वाभाविक असली, तरी हौद्यातील प्रत्येक वस्तूने मालाची सेवा केली पाहिजे. कांद्याला वारा लागतो आणि पाणी चालत नाही, म्हणून कमानीवर ताणलेली आणि बाजूने हवा खेळती ठेवणारी ताडपत्री त्याला योग्य ठरते. डाळिंब दाबाने आणि घासण्याने खराब होते, म्हणून ते एकावर एक घट्ट बसणाऱ्या क्रेटमध्ये भरावे, मागचा फाळका मजबूत असावा आणि दोर अडकवण्याच्या कड्या हौद्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशा असाव्यात. दुधाचे कॅन वळणावर सरकू नयेत म्हणून आडवी पट्टी बसवावी.

जनावरांसाठी नियम वेगळे आणि काटेकोर आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार एका गाय-म्हशीला किमान २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा द्यावी लागते. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर भरते, म्हणजे घोडेगावच्या बाजारातून अशा गाडीत दोनच मोठी जनावरे आणता येतात. हा नियम मुक्या जिवांसाठी आहे आणि गोपालनावर जगणाऱ्या तालुक्याने तो मनापासून पाळला पाहिजे.

साजातील सर्वांत घातक प्रकार म्हणजे मागील पाटे वाढवणे. जादा पाट्यांमुळे गाडी खाली बसत नाही आणि तिने भार पेलला असा भास होतो; प्रत्यक्षात ब्रेक, आस, चाके आणि चेसिस पूर्वीचीच राहतात. भार वाढला की थांबण्याचे अंतर वाढते आणि माल मागील आसाच्याही मागे गेला की पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंगची पकड सुटते. कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका स्पष्ट केली. याउलट परावर्तक पट्ट्या, म्हणजे पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल, हा कमी खर्चाचा साज धुक्यातल्या पहाटे आणि उसाच्या हंगामातील गर्दीच्या रात्री जीव वाचवतो.

विमा, चालक आणि माणसांची वाहतूक

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे; १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी त्याचा मूळ हप्ता १६,०४९ रुपये होता. कर्ज असताना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा घ्यावा, कारण गाडी मोडली तरी हप्ता थांबत नाही. चालकाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निर्णय दिलासादायक आहे : हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते.

सर्वांत गंभीर बाब हौद्यातून माणसे नेण्याची आहे. लग्नाचे वऱ्हाड, देवदर्शनाला निघालेले कुटुंब किंवा शेतमजूर महिला सर्रास पिकअपच्या हौद्यात बसवल्या जातात. तेथे आसन नाही, पट्टा नाही आणि वर छतही नाही. २००२ मधील आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू गाडीतील अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे ठरवले. कायद्याचे संरक्षण मालाचा मालक किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीपुरते आहे. म्हणजे अपघात झाल्यास जखमींचे आणि मृतांच्या वारसांचे देणे गाडीमालकाच्या जमिनीवर येऊ शकते. गाडी घेतानाच घरातील सर्वांनी मिळून हौद्यात माणूस न बसवण्याचा निश्चय करावा आणि शेजाऱ्याला नकार देण्याची वेळ आली, तरी तो पाळावा.

खरेदीपूर्वी चार आकडे कागदावर मांडावेत : वर्षातील खेपांची संख्या, सर्वांत जड नियमित खेपेचे वजन, रस्त्यावर येईपर्यंतची संपूर्ण किंमत आणि घटत्या शिलकीवरील खरा व्याजदर. हे आकडे परस्परांशी जुळत असतील, तरच मुहूर्त पाहावा. ते जुळत नसतील, तर आणखी एक हंगाम भाड्याच्या गाडीने माल नेऊन पहिला भरणा वाढवावा, कारण थांबल्याने मुहूर्त तेवढा पुढे जातो, चुकीचे कर्ज मात्र पाच वर्षे घरात राहते. कष्टाने पिकवलेला माल योग्य भारात, योग्य वेळी बाजारात पोहोचवणारी आणि पाच वर्षांनी बोजा उतरून पूर्णपणे कुटुंबाच्या मालकीची झालेली पिकअप ही कोणत्याही शेतकरी घराची खरी मिळकत आहे.