वाद्यांना गप्प बसवू नका



आपल्याकडे सप्ताह बसला की वीणा उभी राहते. ती सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा पाया पडून वीणा गळ्यात घेतो. मध्यरात्रीसुद्धा तिची तार वाजत असते. पण ज्या वाद्यांना असा पहारेकरी नाही, त्यांचे काय होते? त्याची ही माहिती.

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून जुन्या वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचेच नाव संग्रहालयाला दिले आहे. तिथं वीस हजारांवर वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, दरवाजे आणि कितीतरी जुनी वाद्ये.

अडकित्ता नुसता पाहिला तरी समजतो. वाद्याचे तसे नाही. तंबोऱ्याचा भोपळा आतून पोकळ असतो, म्हणून तारेचा बारीक आवाज त्यात घुमून मोठा होतो. घोडीवर तारेखाली दोरा नीट सरकवला की जवारी लागते आणि झंकार निघतो. मिरजेचे कारागीर असे तंबोरे आजही हाताने बनवतात. पण काचेच्या कपाटात भोपळा दिसतो, झंकार ऐकू येत नाही.

ढोल या वाडीवर वाजला की त्या वाडीवर ऐकू जातो. तंबोरा, सारंगी ही मात्र बैठकीची वाद्ये. खोली लहान हवी, माणसे जवळ हवीत. युरोपातही अशा खोलीतल्या संगीताला ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात.

इटली देशात क्रेमोना नावाचे शहर आहे. तिथं स्त्रादिवारी नावाचा थोर कारागीर व्हायोलिन बनवायचा. तो १७३७ साली वारला. २०१३ साली तिथं व्हायोलिनचे संग्रहालय उघडले आणि त्यातच गाण्याबजावण्याचे सभागृह बांधले. कपाटातली जुनी व्हायोलिने काढून वादक ती नेमाने वाजवतात. वाजवल्याने वाद्य चांगले राहते, असे तिथले जाणकार सांगतात. पण फार जुने झालेले वाद्य एक दिवस वाजवण्याजोगे राहत नाही. म्हणून २०१९ च्या जानेवारीत त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. तेव्हा आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद केले होते आणि महापौरांनी लोकांना गलका करू नका अशी विनंती केली होती. या वाद्यांसाठी शहर गप्प बसले!

आपल्या गावात एवढे सभागृह नाही, पण देवळाचा सभामंडप आहे. कुणाच्या माळ्यावर जुना पखवाज किंवा पेटी पडली असेल, तर ती भंगारात देऊ नका. पुष्कळ जाणती माणसे मुंबईला असतात, गावात आहेत ती म्हातारी झाली. वाद्य कपाटात जपता येते, वाजवणारा हात जपता येत नाही. तो हात आहे तोवरच आपण शिकून घ्यायला हवे. येत्या सुट्टीत आजोबांजवळ बसा आणि निदान एक बोल तरी शिका.

— इयत्ता सातवी