सर्वांच्या हातात बसणारी मूठ

भाजी सोलायचं सोलाणं प्रत्येक घरात असतं. पत्र्याची बारीक मूठ, मध्ये पातं. दहा-बारा बटाटे सोलले की बोटं आखडतात. पण त्याची तक्रार घेऊन कुणी दुकानात जात नाही. आपलाच हात दुखतो, असं म्हणून आपण गप्प बसतो. ज्याला संधिवात आहे, त्याला मात्र गप्प बसून भागत नाही.

अमेरिकेतले सॅम फार्बर हे घरगुती वस्तूंच्या धंद्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पत्नी बेट्सी यांच्या हातांना संधिवात. फ्रान्समध्ये सुट्टीवर असताना सफरचंदं सोलताना त्यांचे होणारे हाल फार्बर यांनी पाहिले. मग न्यूयॉर्कच्या 'स्मार्ट डिझाइन'ला त्यांनी काम दिलं. मूठ जाड आणि लंबगोल झाली, कारण जाड वस्तू धरायला बोटं कमी आवळावी लागतात. ती रबरासारखी मऊ होती, ओल्या हातातूनही निसटेना. बोटं टेकतात तिथे लवचीक पट्ट्या बसवल्या. १९९० मध्ये 'ऑक्सो गुड ग्रिप्स' या नावानं ही सोलाणी, सुऱ्या, चमचे बाजारात आले. नेहमीच्या सोलाण्यापेक्षा महाग, तरी खपले! गंमत अशी, की घेणाऱ्यांत हात धडधाकट असलेले भरपूर होते. 'अपंगांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवली असती, तर ते कपाटात धूळ खात राहिले असते, असं मला वाटतं. २००४ मध्ये हा उद्योग सुमारे २७ कोटी डॉलरना विकला गेला.

याला 'सर्वसमावेशक रचना' म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी. ज्याची अडचण सर्वांत मोठी, त्याच्यापासून विचार सुरू करायचा.

आता रस्त्यावर या. उंचवट्यांची फरशी जपानच्या सेइइची मियाके यांनी तयार केली. १९६७ मध्ये ती ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर प्रथम बसवली गेली. लांबट उंचवटे म्हणजे सरळ चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, सावध राहा. पांढऱ्या काठीला आणि पायाच्या तळव्याला ही भाषा कळते. आपल्याकडेही या पिवळ्या फरश्या आल्या. पण पुष्कळ पदपथांवर त्या माणसाला थेट विजेच्या खांबावर नेऊन सोडतात, नाहीतर उभ्या केलेल्या दुचाकीवर. बसवणाऱ्यानं एकदा डोळे मिटून चालून पाहिलं असतं, तर खांब पहिल्याच दिवशी सापडला असता.

'एवढा खर्च कुणासाठी?' असं विचारलं जातं. इमारत बांधतानाच उतार ठेवला, तर खर्च फारसा वाढत नाही. पायऱ्या फोडून तो नंतर करायचा, तेव्हा वाढतो. आणि त्या उतारावरून चाकाच्या खुर्चीबरोबर बाळाची गाडी जाते, चाकांची बॅग जाते, गुडघे धरून चालणारे आजोबाही जातात.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. त्याखालचे सुगम्यतेचे नियम मात्र शिफारशींसारखेच राहिले. त्यातल्या किमान गोष्टी तरी बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.